पेनल्टी मारताना गोली नेमका त्याच बाजूला जातो, मदत हवी आहे (तातडीने)

दहा_नंबरी
रविवारी सेमीफायनल आहे आणि आमच्याकडे पेनल्टी मीच मारतो. हल्ली काहीतरी बिनसलंय. बॉल नीट लागतो, जोर असतो, पण गोली आधीच कळल्यासारखा नेमका तिथेच असतो. आता कॅप्टन म्हणतोय दुसऱ्या कुणाला देऊ. व्हिडिओ ढीगभर बघून झालेत. 'आत्मविश्वास ठेवा' वगैरे कृपया नको. काय बदलायचं तेवढं सांगा.

उंटावरचा_शहाणा
उजवा पाय की डावा? कुठल्या कोपऱ्यात मारता? जमिनीलगत की वर? रनअप किती? माहिती द्या हो आधी. इथे कुणी ज्योतिषी नाही.

पनेन्का_पंथी
सोपं आहे. मधोमध हलकेच उचला. १९७६ च्या युरो फायनलमध्ये बेलग्रेडला अंतोनिन पनेन्काने तेच केलं. आधीची किक पश्चिम जर्मनीच्या उली होनेसने बारवरून घालवलेली, आता ही गेली की चेकोस्लोव्हाकिया चॅम्पियन. समोर त्यांचा गोली सेप मायर. तो झेपावला आणि बॉल आरामात मधून आत. गोली झेप घेतोच घेतो.

जुना_गोली
@पनेन्का_पंथी, प्रत्येक धाग्यावर हेच का? झेप घेतली नाही तर गोलीच्या हातात बॉल आणून दिल्यासारखं होतं, वर सगळं मैदान हसतं. २००६ च्या वर्ल्डकप फायनलला फ्रान्सच्या झिदानने इटलीचा गोली बुफोनसमोर हेच केलं, तेव्हा बॉल क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला म्हणून वाचला. झिदानची ही गत.

धागाकर्त्यासाठी: मी बरीच वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय. आम्ही काय बघतो ते ऐका. मारणाऱ्याचा चेहरा नाही, डोळे तर अजिबात नाही. बघायचं असतं ते टेकवलेलं पाऊल. बॉलच्या शेजारी जे पाऊल रोवता, त्याचा अंगठा जिकडे, बहुतेक वेळा बॉल तिकडे. त्याच्या आधी कंबर. उजव्या पायाचा माणूस फार तिरका धावत आला की शरीर आडवं वळवून स्वतःच्या डावीकडे मारणार, हे निम्मं ठरलेलं असतं. उजवीकडे मारायचं तर कंबर उघडावी लागते आणि ती शेवटच्या पावलाला दिसते. तुम्ही किती तिरके येता?

आकडेमोड
पनेन्का_पंथी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बार-एली आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास बघा. २८६ पेनल्ट्या तपासल्या. गोली मधोमध उभे राहिले फक्त ६.३ टक्के वेळा, मारलेल्या किकांपैकी मात्र २८.७ टक्के मधल्या भागात होत्या. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात हललाच नाही, म्हणून बिचारे उडी मारतात.

जुना_गोली
ते वरच्या पातळीवरचे गोली. त्यांना ११ मीटरवरून येणाऱ्या जोरदार किकला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, ७.३२ मीटरचा गोल सांभाळायचा, म्हणून अंदाजाने आधीच निघतात. हौशी मॅचमधला गोली उभाच असतो. थोडा आळस, थोडी ढोपरं फुटायची भीती. तुमचे टक्के त्याला कुणी सांगितलेले नसतात.

नियमावर_बोट
एक महत्त्वाचं. रनअपमध्ये थांबणं, अडखळल्यासारखं करणं चालतं. पण रनअप पूर्ण झाल्यावर मारायचं नाटक केलं तर पिवळं कार्ड आणि समोरच्याला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत). गोलीचा निदान एक पाय, किक लागताना, रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा मागे हवा. आणि दोनदा स्पर्श टाळा. मार्च २०२५ मध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या शूटआऊटला (बरोबरीनंतर पेनल्ट्यांवर निकाल लावतात तो) हुलियान अल्वारेसचा पाय घसरला, बॉल दोन्ही पायांना लागला आणि गोल रद्द झाला. त्यानंतर खुलासा आला की चुकून झालेल्या दुहेरी स्पर्शाने गोल झाला तर किक पुन्हा घ्यायची.

उंटावरचा_शहाणा
हे कुणी विचारलं होतं?

नियमावर_बोट
नियम माहीत असलेले बरे.

झोपाळू
तो अल्वारेसचा निर्णय साफ चुकीचा होता. स्लो मोशनमध्ये काही दिसत नाही.

नियमावर_बोट
दिसतं. बॉलचा मार्ग बदलतो.

दहा_नंबरी
अहो, माझं काय? उजवा पाय. साईडफूटने (पावलाच्या आतल्या बाजूने), खाली. थोडं थांबत थांबत येतो, गोली हलला की दुसरीकडे टाकायचं असं ठरवून. तो हललाच नाही तर माझ्या डावीकडे.

जुना_गोली
झालं मग निदान! तुम्ही गोलीची वाट बघता, गोली तुमची. शेवटच्या पावलापर्यंत तो हलत नाही, तोवर तुमचा वेग संपलेला असतो, मग पाय सवयीने डावीकडेच जातो. पहिल्या पोस्टमध्ये जोर असतो म्हणालात. थांबत थांबत येऊन साईडफूटने कसला जोर? आधी जागा ठरवा. बॉल ठेवतानाच. मग गोलीने उड्या मारल्या, हात हलवले तरी बदलायचं नाही.

आकडेमोड
असहमत. गोलीला वाचून मारणारे मोठे खेळाडू आहेतच. इटलीच्या जोर्जिन्योची उडी विसरलात, किकच्या आधी छोटी उडी मारून गोली कुठे जातो ते बघायची?

जुना_गोली
नाही विसरलो. त्याच्या उड्या २०२१ मध्ये गोलींनी अडवल्याही. युरो फायनलच्या शूटआऊटला इंग्लंडचा गोली पिकफर्डने थांबून अडवलीच ना? गोली शांत राहिला की त्या उडीत काही उरत नाही. आणि ज्याला उडीतून उतरता उतरता दोन्ही कोपऱ्यांत सारख्या ताकदीने मारता येतं, त्यानेच ती करावी.

मॅट_भक्त
ल टिसिएने साउदम्पटनसाठी ४८ पैकी ४७ घातल्या. कसली उडी नाही, कसला अभ्यास नाही. एकच अडली, ती १९९३ मध्ये मार्क क्रॉसलीने. देव होता.

झोपाळू
अवांतर: इटलीच्या बाजोची १९९४ ची हुकलेली पेनल्टी आठवली की अजून पोटात कालवतं. एकट्याने वर्ल्डकप घालवला.

मॅट_भक्त
एकट्याने कसला? त्याच्या आधी बारेसीने बारवरून मारली आणि मासारोची अडवली. त्या बिचाऱ्याचाच फोटो छापतात सगळे.

झोपाळू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

चिखल्या
बूट कुठले आहेत? ओल्या गवतावर स्टड छोटे असतील तर रोवलेला पाय सरकतो आणि बॉल वर जातो. माझा अनुभव आहे. आधी बूट बदला.

दहा_नंबरी
गवत नाहीये. हॉल आहे. आणि बॉल वर जातच नाही, अडतो.

उंटावरचा_शहाणा
हॉल???

दहा_नंबरी
हो, फुटसाल. पाच-पाच जणांचं. स्पॉट ६ मीटरवर. पेनल्टी ती पेनल्टीच ना?

आकडेमोड
मी जातो.

उंटावरचा_शहाणा
पहिल्याच प्रतिसादात माहिती मागितली होती. अकरा मीटर, झिदान, बाजो सगळं झालं आणि आता सांगताय.

जुना_गोली
नाही हो, पेनल्टी ती पेनल्टी नाही. तिथे गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. गोलीने पाय फाकवून हात पसरले की खालचे दोन्ही कोपरे जवळजवळ बंद. तुम्ही नेमकं तिथेच, खाली, साईडफूटने मारताय. त्याला ओळखायची गरजच नाही. जिथे उभा आहे तिथूनच पाय लांबवतो.

जागा राहते ती त्याच्या खांद्याच्या वर, कानाच्या बाजूला. हात खाली पसरलेले असले की तिथवर आणायला उशीर होतो. दुसरं, टो मारा, म्हणजे बुटाच्या टोकाने. मोठ्या मैदानात टोने मारलं की कोच ओरडतो, हॉलमध्ये तो रास्त फटका आहे. पाय मागे फारसा जात नाही, कंबर वळत नाही, त्यामुळे गोलीला वाचायला काही मिळत नाही. फुटसालचा बॉल लहान आणि कमी उसळणारा, टोला चांगला लागतो. घोटा कडक ठेवा, बॉलच्या मध्याच्या किंचित खाली मारा. जास्त खाली गेलात तर सरळ छतावर. रनअप दोन-तीन पावलं, सरळ, मध्ये थांबायचं नाही. आणि रविवारच्या आधी समोर गोली उभा करूनच सराव करा, रिकाम्या गोलवर सगळ्यांचंच जातं.

चिखल्या
हॉलमध्ये सपाट तळाचे बूट घाला. टो मारणार असाल तर पुढून कडक हवेत, नाहीतर नख काळं होईल.

दहा_नंबरी
हे असं पाहिजे होतं. आज संध्याकाळी गोलीला थांबवून घेतो. टो डावीकडे की उजवीकडे?

जुना_गोली
गोलीचा कुठला हात मंद आहे ते तुम्ही बघितलंय, मी नाही. एक बाजू ठरवा आणि सरावात तीच घोटा.

उंटावरचा_शहाणा
शूटआऊटची पेनल्टी की चालू मॅचमधली? मॅचमधली असेल तर गोलीने परतवलेल्या बॉलवर पुन्हा मारता येतं, शूटआऊटला नाही. हेही सांगितलेलं नाही.

पनेन्का_पंथी
६ मीटरवरून तर चिप आणखी सोपी.

जुना_गोली
गोलीचा हात पोचतो हो तिथे. २ मीटरच उंच आहे गोल.