थॉमसन ते बोर : थोडी भर
रदरफर्ड यांनी थॉमसन यांचे अणूचे प्रारूप (धनप्रभाराच्या गोळ्यात रुतलेले इलेक्ट्रॉन) एका फटक्यात मोडीत काढले, असे म्हटले जाते; हे विधान मला घाईचे वाटते. १९०९ साली मँचेस्टर येथे रदरफर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (धनप्रभारित, वेगवान कण) आदळून लुकलुकणारे ठिपके एकेक करून मोजत होते, आणि धातूच्या पत्र्यावर आदळणाऱ्या सुमारे ८००० अल्फा कणांपैकी एखादाच मागे फिरत होता. त्यावरून अणुकेंद्राची, म्हणजे अणूच्या मध्याशी एकवटलेल्या प्रभाराची, कल्पना मांडली जाण्यास १९११ उजाडले. तीही अपुरीच होती. केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रात का कोसळत नाही, हा आमच्या बडोद्यातील शिकवणीच्या मुलांचा नेहमीचा (आणि रास्त) प्रश्न आहे. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता फिरतो अशा ठरावीक कक्षांचे गृहीतक मांडले ते याच अडचणीपोटी.