‘शोधा’ की ‘शोध-कळ’?

केवडा :
एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचं मराठीकरण करते आहे. वर कोपऱ्यात नुसतं भिंगाचं चित्र असलेलं बटण आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडरवर ऐकू येईल असं नाव त्याला द्यायचंय. मी ‘शोधा’ दिलं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘शोध-कळ’ केलं आणि ‘अधिक वाचा’ या लिंकचं ‘दुवा : अधिक वाचा’. बटण परकं, म्हणे. तुम्ही काय लिहाल?

जुनापाटा :
कळच. कळफलक चालतो, मग कळ का नको?

तिठा :
कळफलकावरच्या कळा आहेत म्हणूनच पडद्यावर नको. ‘एंटर कळ दाबून शोध-कळ दाबा’ वाचून कोणाचाही गोंधळ होईल.

नादमय :
मी पूर्ण दृष्टिहीन आहे, दिवसभर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. कृपा करून नावात बटण, कळ, दुवा काहीच घालू नका. कोड बघून तो स्वतःच सांगतो. तुम्ही ‘शोधा’ लिहिलंत की मला ‘शोधा, बटण’ ऐकू येतं. ‘शोध-कळ’ लिहिलंत की ‘शोध-कळ, बटण’. काही जण ‘भिंग’ लिहितात. चित्र कसलं आहे ते मला नकोय, दाबल्यावर काय होईल ते हवंय.
‘अधिक वाचा’चं दुखणं आणखी वेगळं. इन्सर्ट आणि एफ७ दाबून मी पानावरच्या लिंकांची यादी काढतो. तिथे ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ अशी रांग लागते. त्यातलं सभासद होण्याचे नियम कुठलं आणि वाचनालयाच्या वेळा कुठलं? तेच शब्द लिंकला द्या ना!

जुनापाटा :
पटलं. पण मग त्या यंत्राने तरी ‘लिंक’ का म्हणावं? मराठी विकिपीडियावर ‘बाह्य दुवे’ कधीच रुळले. दुवा ‘दोन’वरूनच आला असणार, दोन टोकं जोडतो तो.

बकुळा :
मला दुवा म्हटलं की आशीर्वादच आठवतो. आजी म्हणायची, गरिबाचा दुवा घ्यावा. तो अरबीतून आलेला, साखळीचा वेगळा. आणि दिव्याच्या बटणाला ती खटका म्हणायची. पण बटण परकं कसलं? सदऱ्याला लावतोच की.

जुनापाटा :
सदऱ्याला गुंडी असते.

टॅबवाला :
शब्दाआधी ते खरोखर बटण आहे का ते बघा. ‘डिव्ह’ला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या चौकटीला, रंग देऊन, क्लिक जोडून बसवलं असेल तर टॅबची कळ दाबली तरी त्यावर थांबता येत नाही, स्पेसने ते चालत नाही आणि स्क्रीन रीडर ‘बटण’ म्हणतही नाही. मग नाव कितीही शुद्ध असो. दुसऱ्या पानावर नेत असेल तर लिंक, तिथल्या तिथे काही करत असेल तर बटण.

नादमय :
हो! ‘बी’ दाबून मी पुढच्या बटणावर जातो, ‘के’ दाबून पुढच्या लिंकवर. कोडमध्ये चुकीचा टॅग असला की ते मला सापडतच नाही.

केवडा :
‘शोधा’च ठेवते. सरांना ही चर्चा दाखवेन. ‘अर्जासाठी येथे टिचकी मारा’चं काय करू? क्लिकऐवजी टिचकी, यावर त्यांचा फार जीव.

नादमय :
मी माउसला हातच लावत नाही. ‘सभासदत्वाचा अर्ज’ एवढंच पुरे.

जुनापाटा :
टिचकीला हात लावू नका! अस्सल मराठी शब्द आहे.

तिठा :
अस्सल आहे, पण अर्थ? टिचकीत बोट उडतं, कॅरमचा स्ट्रायकर मारतो तसं. माउसचं बटण आपण दाबतो.

बकुळा :
आमच्या घरी तर चुटकी वाजवण्यालाच टिचकी म्हणतात. तुमच्याकडे नाही?