'जर्नीमन' बचावपटूला मराठीत काय म्हणावं?

मोगरा
दिवाळी अंकासाठी रॉन हेन्सीवर लेख लिहिते आहे. आइस हॉकीतला अमेरिकन बचावपटू, जन्म १९८१, कनेटिकट राज्यातलं बोल्टन गाव. २००० साली एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगसाठी नव्या खेळाडूंची निवड झाली, तेव्हा माँट्रियलने त्याला पहिल्याच फेरीत, १३व्या क्रमांकावर निवडलं. तिथे त्याचा जम बसला नाही. २००५मध्ये कोलंबसने त्याला उचललं. मग अटलांटा. तो अख्खा संघच २०११मध्ये विनिपेगला गेला, तेव्हा यानेही बिऱ्हाड हलवलं. पुढे कॅरोलायना, पिट्सबर्ग, टोरांटो आणि शेवटी ओटावा. इंग्रजी वार्तांकनात अशा खेळाडूला हमखास 'जर्नीमन' म्हणतात. मी 'फिरस्ता बचावपटू' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'भटका' केलं. मला ते फार झोंबलं. भटका म्हटलं की कामधंदा नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हा माणूस १,१३२ सामने खेळलाय! नेमका शब्द सुचवा. शनिवारी मजकूर द्यायचा आहे.

उत्तरायण
'फिरस्ता'ही नको. 'जर्नीमन'चा प्रवासाशी मुळात संबंधच नाही. फ्रेंचमध्ये 'जूर्ने' म्हणजे एक दिवस, दिवसभराचं काम. शिकाऊपण संपलेला, पण स्वतःची पेढी नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर तो जर्नीमन. मी कॅल्गरीत इलेक्ट्रिशियन आहे. इथे चार वर्षं उमेदवारी करून परीक्षा पास झालं की जर्नीमनचं प्रमाणपत्र हाती पडतं. ते मिळालं तेव्हा आईला फोन करून सांगितलं होतं. आमच्या धंद्यात हा मानाचा शब्द आहे. तुम्ही 'कसबी बचावपटू' लिहा.

गोदाकाठ
उत्तरायण, मूळ अर्थ तुम्ही सांगता तोच. पण आज खेळाच्या पानावर 'जर्नीमन' वाचणाऱ्याच्या मनात 'पुष्कळ संघ फिरलेला, तारा कधीच न झालेला' हेच येतं. अर्थ व्युत्पत्तीत राहत नाही, बोलणाऱ्यांच्या तोंडी राहतो. 'कसबी' लिहिलंत तर आठ गावांचं पाणी प्यायल्याचं त्यात कुठे आलं?

सातपुडा
आमच्या खानदेशात यासाठी शब्द तयार आहे : सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरतं, पुढच्या आखाजीला तोच मालक नाहीतर दुसरा. हेन्सीचे करार बघा. २०१३मध्ये कॅरोलायनाशी एका वर्षाचा, २०१९मध्ये ओटावाशी एका वर्षाचा. त्यांच्याकडे करार संपलेले खेळाडू १ जुलैला मोकळे होतात. ती त्यांची आखाजीच.

गोदाकाठ
सातपुडा, रागावू नका, पण हे मला पटत नाही. सालदार उचल घेतो, ती फिटत नाही, म्हणून पुढचं सालही त्याच दारात काढतो. अटलांटाने हेन्सीला पाच वर्षांसाठी सव्वादोन कोटी डॉलर कबूल केले होते. त्याला सालदार म्हणणं म्हणजे खऱ्या सालदाराच्या हालांवर बोळा फिरवणं. त्यापेक्षा 'शिलेदार' घ्या. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार आपला घोडा आणि आपलं हत्यार घेऊन चाकरीला येई. अंगची विद्या घेऊन एका सरदाराकडून दुसऱ्याकडे जाणारा माणूस.

सातपुडा
माझे आजोबा चौदा सालं सालदार होते, त्यामुळे हाल मला सांगू नका. त्यांचं बैलजोडीवरचं कसब बघून लोक लांबून बोलवायला यायचे. सालदार म्हटलं की तुम्हाला फक्त कर्ज दिसतं, मला त्यांचा हात दिसतो. आणि 'शिलेदार'चं म्हणाल तर वर्तमानपत्रात रोज 'साहेबांचे निष्ठावंत शिलेदार' असतात. वाचक उलटाच अर्थ घेईल, की हा एकाच संघाला चिकटून राहिला. अर्थ लोकांच्या तोंडी राहतो हे तुम्हीच वर लिहिलंय ना?

तांबडी माती
मी परळचा, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळायचो. तुम्ही सगळे मालक-चाकरात अडकलात, मैदानातला शब्द घ्या : गडी. 'सालगडी'मधला गडी आणि 'तीन गडी बाद'मधला गडी एकच. राबणारा तोच, खेळणारा तोच, सवंगडीही तोच. मोगराताईंना हवं ते सगळं या दोन अक्षरांत आहे.

बचाव करणाऱ्याचं काम जवळून पाहिलेला माणूस त्याला भटका म्हणणार नाही. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा कोपऱ्याने हलायचं नसतं. नजर त्याच्या घोट्यावर. अर्धा क्षण आधी झेपावलात तर तुम्ही बाद, उशीर केलात तर तो मोकळा. हॉकीतही शिक्षा झाली की संघ दोन मिनिटं एक गडी कमी घेऊन खेळतो, आणि हेन्सीसारख्यांना त्याच वेळी बर्फावर उतरवतात. समोर पाच, आपण चार. गोलापुढची जागा सोडायची नाही, काठी आडवी घालून पासची वाट बंद करायची, वेळ आली तर पक (हॉकीतली रबरी चकती) अंगावर घ्यायचा. हे ज्याला जमतं त्याला नवा संघ मिळत राहतो.

मोगरा
तांबडी माती, हे फार छान लिहिलंत. पण 'गडी बचावपटू' असं कसं लिहू? वाक्यात बसवून दाखवा ना. लेखाचा गाभा असा : प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, एकही सामना न मिळता तो ९०७ सामने खेळला. तोवर एवढी वाट दुसऱ्या कुणाला पाहावी लागली नव्हती. २०१७च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गने त्याला आणलं, त्यांचा क्रिस लेटँग जायबंदी झाल्यावर याच्यावरचा भार वाढला, आणि एप्रिलमध्ये ३६व्या वर्षी तो पहिला प्लेऑफ सामना खेळला, तोही जुन्या कोलंबसविरुद्ध. जूनमध्ये नॅशव्हिलला हरवून स्टॅन्ले चषक, म्हणजे लीगचं अजिंक्यपद. चषक आधी कर्णधाराच्या हाती येतो, पुढे पहिल्यांदा कुणाला द्यायचा हे तो ठरवतो. सिडनी क्रॉस्बीने तो हेन्सीला दिला. त्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मला शब्द हवा आहे.

उत्तरायण
म्हणूनच म्हणतो, कसबी. क्रॉस्बीने कसबाचा मान राखला.

तांबडी माती
'बचावपटू'च काढा आधी. मैदानावर 'ए बचावपटू, मागे ये' असं कोणी ओरडतं का? हे 'पटू' वार्ताहरांनी आणलं. 'बचावाचा गडी' लिहा.

गोदाकाठ
'पटू'ला कमी लेखू नका. संस्कृत 'पटु' म्हणजे तरबेज. जर्नीमनमध्ये उत्तरायण जे कसब शोधताहेत ते 'बचावपटू'त आधीच आहे! आणि महिला संघाचं काय करणार? बाईला गडी म्हणाल?

सातपुडा
महिला क्रिकेटच्या बातमीत 'चार गडी बाद' सर्रास छापतात.

गोदाकाठ
छापतात म्हणून बरोबर ठरत नाही.

तांबडी माती
आता तुम्हीच वापराच्या विरुद्ध बोलताय. माझी बहीण दहा वर्षं संघातून खेळली, मैदानात तिला सगळे 'आपला गडी' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली काय म्हणतात ते कोणीतरी सांगा.