बाळाला पहिल्यांदा समुद्रावर नेताना: अनुभव धागा

थंडी पडायला लागली की तान्हं बाळ घेऊन अलिबाग, दिवेआगर, गुहागरकडे निघणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. किती वाजता जायचं, काय न्यायचं, पाय पाण्यात बुडवू द्यायचे का? ज्यांनी हे नीट केलं आहे त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको, वेळ, सामान, मापं आणि कुठे चुकतं एवढंच लिहा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर काय वेगळं, तेही सांगा.

अलिबागहून

बॅग भरण्याआधी पंचांग काढा. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास भरती. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण, म्हणजे पावणेअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

बाळासाठी पंचमी ते अष्टमी हे दिवस सगळ्यात चांगले. सकाळी सात ते नऊ पाणी उतरत असतं. पहाटेच्या भरतीनं धुतलेली वाळू उघडी पडते; ती स्वच्छ आणि घट्ट असते. शिवाय हे भांगाचे दिवस, पाण्याची चढउतार कमी. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी लवकर पाणी लांब आत गेलेलं असतं, माणसं हौसेनं बाळाला घेऊन तिथवर चालत जातात. पण सहा-साडेसहानंतर पाणी फिरतं, आणि सपाट पुळणीवर ते झरझर येतं. मांडलेला संसार गोळा करेपर्यंत चटई भिजलेली असते.

सकाळच का, तर आपला किनारा पश्चिमेचा. सूर्य माडांच्या आणि सुरूंच्या मागून वर येतो, त्यामुळे आठ-साडेआठपर्यंत झाडांची सावली पुळणीवर पडलेली असते. वारा जमिनीकडचा, मतलई, हलका. दुपारी खारा वारा सुटतो आणि कोरडी वाळू नेमकी रांगत्या बाळाच्या तोंडाच्या उंचीवर उडवतो. संध्याकाळचं ऊन समोरून थेट डोळ्यांत येतं. शिवाय घोडागाड्या आणि वाळूवर पळणाऱ्या मोटारी तेव्हाच जास्त. पहिल्या भेटीला सूर्यास्ताचा आग्रह सोडा.

पुण्याहून

ताम्हिणी उतरायच्या आधी तासभर पोटभर पाजणं टाळा, वळणांवर सगळं बाहेर येतं. थोडं पाजा, घाट संपला की परत पाजा. गाडीतली बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, तोंड मागच्या दिशेला. दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला खुर्चीतून काढून आडवं करा. पोचल्या दिवशी समुद्रावर जाऊ नका. नवी जागा, घामट हवा, चुकलेली झोप यावर लाटांचा आवाज म्हणजे रडारड ठरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, झोप झाल्यावर आणि पाजून अर्धा तास झाल्यावर न्या. पहिली खेप पाऊण तासाची, त्यात वाळूवर वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

रत्नागिरीहून, बालरुग्ण विभागात काम करताना जमलेली माहिती

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायचं नाही, सावली आणि कपडा हाच उपाय. पूर्ण बाह्यांचं मलमलचं झबलं, सैल पायजमा आणि कुंची. कानटोपीपेक्षा कुंची बरी, कारण तिनं मान आणि पाठही झाकली जाते. बंद सैल ठेवा, बाळ झोपलं की कुंची काढा. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइडचं, किमान तीस एसपीएफचं सनस्क्रीन चालेल, पण आदल्या दिवशी पोटरीवर वाटाण्याएवढं लावून पुरळ येत नाही ना ते बघा. ऊन लागायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. बाळ तोंडात घालतं म्हणून हाताचे पंजे वगळा.

सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही, शहाळंही नाही. गाडीवर शहाळं फोडलं की आजीचा जीव राहत नाही, पण चमचाभरही नको. आईचं दूध नेहमीपेक्षा लवकर लवकर द्या, तेवढं पुरतं. पावडरचं दूध असेल तर मोजलेली पावडर कोरड्या डबीत आणि उकळलेलं गरम पाणी थर्मासमध्ये वेगळं न्या. ऐन वेळी कालवा, निववून मनगटावर थेंब टाकून बघा. तोंड लावलेली बाटली तासाभरात संपली नाही तर ओतून द्या.

बाबागाडीवर किंवा झोळीवर कापड टाकून ती बंद करू नका. सावली दिसते, पण आत हवा कोंडते आणि उकडतं. ऊन लागतंय का ते मानेच्या मागे, केसांखाली हात घालून बघा. तिथे चटका लागला, चेहरा लालबुंद झाला किंवा बाळ मलूल पडलं की लगेच पंख्याखाली न्या, कपडे सैल करा, दूध पाजा. अर्ध्या तासात तरतरी आली नाही किंवा सहा तास लंगोट कोरडा राहिला, तर डॉक्टरांकडे.

गुहागरहून

सावली म्हणून माडाखाली चटई टाकू नका, नारळ आणि झावळ सांगून पडत नाहीत. सुरूखाली बसा, पण आधी हातानं जमीन झाडून घ्या. सुरूची वाळलेली बोंडं रांगणाऱ्या गुडघ्यांना बोचतात. खाली ताडपत्री, तिच्यावर जुनी गोधडी. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत कुत्री घाण करतात आणि त्या घाणीतले जंत कातडीतून शिरतात. बाळाला वाळूत सोडायचं तर भरतीनं धुतलेल्या पट्ट्यातच.

पणजीहून

पाण्यात नेताना बाळाला दोन्ही काखांखालून छातीशी धरा. हात धरून लाटेवरून उचलू नका. सगळे तेच करतात आणि लहान मुलांचं कोपर त्या हिसक्यानं सटकतं. तुमचं तोंड कायम समुद्राकडे, पाणी तुमच्या घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि टाचा खड्ड्यात जातात. मोठी माणसं तोल जाऊन पडतात ती तेव्हाच. दोन लाटांमागे एक पाऊल मागे सरका. फोटो तिसऱ्यानं काढावा. लाल बावटा असेल तर पावलंही बुडवायची नाहीत. गणपतीपुळ्यासारख्या उतरत्या पुळणीवर हा प्रयोगच नको, तिथे लांबूनच समुद्र दाखवा.

मुंबईहून

पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस चौपाट्यांवर जेलीफिश येतात, त्यांत निळ्या फुग्यासारखे दिसणारेही असतात. मेलेल्यांचे धागेसुद्धा डंख करतात. लागलाच तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागा चिमट्यानं उचला आणि बाळाला थेट डॉक्टरांकडे न्या.

आता वाळूबद्दल, कारण खरा त्रास परतल्यावर होतो. साधा डायपर खाऱ्या पाण्यात फुगून लोंबतो, म्हणून पाण्याजवळ जाताना सुती लंगोट बांधा, डायपर नंतर. ओली वाळू पुसू नका, कातडी खरवडते. सुकू द्या, मऊ धोतराच्या तुकड्यानं झटका, मग धुवा. पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन, तांब्या आणि थर्मासमधलं गरम पाणी मिसळून कोमट केलं की एका बाळाला पुरतं. आधी हात आणि तोंड. मग मानेच्या वळ्या, काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी. प्रत्येक वळी बोटांनी उघडून वरून धार सोडा. मुलींना पुढून मागे धुवा. डोळ्यात कण गेला तर बाळाचे हात धरून ठेवा म्हणजे चोळणार नाही, आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बारीक धार नाकाकडून बाहेरच्या कोपऱ्याकडे सोडा. टिपून कोरडं केल्यावर जांघेत खोबरेल लावा. पावडर नको, उरलेल्या वाळूशी तिचा लगदा होतो.

रात्री दिव्याखाली कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत परत एकदा बघा.