छातीचा एक्स-रे स्वच्छ असताना फुंकण्याची तपासणी आणि एचआरसीटी कशासाठी?

फेटलिंगवाल्यांचा_मुलगा

नमस्कार. माझे वडील 58 वर्षांचे आहेत. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत त्यांनी 27 वर्षे फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतलेल्या जॉबला चिकटलेली वाळू ग्राइंडरने साफ करण्याचे काम केले. विडी-सिगारेटला त्यांनी कधीच हात लावलेला नाही. तरीही गेल्या वर्षापासून त्यांना धाप लागते. जोतिबाच्या पायऱ्या एका दमात चढणारा माणूस आता मध्ये दोनदा बसतो. एक्स-रेमध्ये विशेष दोष नाही असे लिहून आले, दम्याचा पंप 3 महिने घेतला, पण फरक पडला नाही.

मध्यंतरी एका आरोग्य शिबिरात त्यांना एकदाच फुंकायला लावून अहवाल हातात दिला: एफव्हीसी 1.95 लिटर (अपेक्षेच्या 62 टक्के), एफईव्ही1 1.62 लिटर, एफईव्ही1 ला एफव्हीसीने भागून येणारे गुणोत्तर 0.83. आता छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (हीच फुंकण्याची तपासणी) पुन्हा करायला सांगितली असून शिवाय डीएलसीओ आणि एचआरसीटी (छातीचे बारकाईने केलेले सीटी स्कॅन) लिहून दिली आहे. वडील म्हणतात, फोटो चांगला आहे, मग पैसे कशाला घालवायचे? त्यांना नीट समजावता येईल असे कोणी सांगू शकेल का?

श्वासमापक

मी फुप्फुसांच्या कार्यतपासणीचा तंत्रज्ञ म्हणून काम करतो. वडिलांना पहिल्यांदा हे सांगा की एक्स-रे फुप्फुस दिसते कसे एवढेच सांगतो, ते काम कसे करते हे सांगत नाही. श्वासनळ्या बऱ्याच अरुंद झालेल्या असूनही फोटो स्वच्छ येऊ शकतो.

शिबिरातल्या अहवालाबद्दल मला जास्त काळजी वाटते. एफव्हीसी म्हणजे पूर्ण छाती भरून घेतलेली आणि जोराने शेवटपर्यंत बाहेर सोडलेली एकूण हवा, तर एफईव्ही1 म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. नळ्यांत अडथळा असेल तर पहिल्या सेकंदात कमी हवा बाहेर पडते आणि गुणोत्तर घसरते. पंप दिल्यानंतरही ते 0.70 च्या खाली राहिले तर सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) विचार होतो. तुमच्या अहवालात गुणोत्तर चांगले आणि एफव्हीसी कमी आहे, म्हणून वरवर पाहता फुप्फुसे आक्रसल्यासारखी वाटतात. परंतु माणसाने दोन-तीन सेकंदांतच फुंकणे सोडून दिले तरी नेमके असेच आकडे येतात, कारण उरलेली हवा मोजलीच जात नाही. एफव्हीसी खोटी कमी दिसते, गुणोत्तर खोटे वाढते आणि खरा अडथळा झाकला जातो. अहवालावरचा वेळेचा आलेख पाहा. रेषा शेवटी सपाट न होता मध्येच तुटली असेल, तर त्या कागदावरून निदान करू नये.

योग्य पद्धतीत किमान 3 चांगले प्रयत्न लागतात आणि त्यांतले सर्वोत्तम दोन एकमेकांपासून 150 मिलिलिटरच्या आत असावे लागतात. नंतर सॅल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारे पंपाचे औषध) देऊन 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दम्यात बहुधा आकडे लक्षणीय वाढतात. तपासणीआधी पंप किती तास थांबवायचा हे डॉक्टरांनाच विचारा (तातडीच्या पंपासाठी साधारण 4 ते 6 तास सांगतात). जड जेवून येऊ नका. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल, तर ते आधीच सांगा.

डीएलसीओमध्ये अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा आत घेऊन सुमारे 10 सेकंद श्वास रोखायचा असतो. फुप्फुसांतून रक्तात वायू किती सहज जातो ते त्यावरून कळते. हिमोग्लोबिन कमी असले तरी हा आकडा घटतो, म्हणून रक्ताचा अलीकडचा अहवाल सोबत न्या.

उचगावची_ताई

माझ्या भावाने फौंड्रीत नॉकआउटवर, म्हणजे वाळूचा साचा फोडून जॉब बाहेर काढण्याच्या कामावर, 19 वर्षे काढली. त्याच्या एचआरसीटीत फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी दिसल्या, ज्या साध्या एक्स-रेत कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. या तपासणीत सुमारे 1 मिलिमीटर जाडीचे काप दिसतात. वाळूच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये क्षयरोगाचा धोकाही वाढतो, म्हणून त्याची बेडक्याची तपासणी झाली आणि क्षय नाही हे पक्के झाल्यावरच पुढचे ठरले. आम्हाला मात्र वर्षभर कोणी 'काम काय करता' असे विचारलेच नव्हते, याचे मला आजही फार वाईट वाटते. वडिलांनी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, तोंडाला नुसता रुमाल बांधत होते की मास्क वापरत होते, हे सगळे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. सिलिकोसिस हा कायद्याने व्यवसायजन्य आजार मानला आहे. वडील ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असतील तर हे कागद जपून ठेवा.

फेटलिंगवाल्यांचा_मुलगा

दोघांचेही मनापासून आभार. शिबिरातला आलेख काढून पाहिला. रेषा दुसऱ्या सेकंदालाच तुटलेली होती. काल तपासणी पुन्हा झाली. नाकाला चिमटा लावून तंत्रज्ञ ताई वडिलांच्या कानाशी 'अजून, अजून, सोडू नका आबा' म्हणत होत्या, आणि मानेच्या शिरा फुगेपर्यंत वडील फुंकत राहिले. एफव्हीसी 2.62 लिटर, एफईव्ही1 1.70 आणि गुणोत्तर 0.65 आले, पंपानंतर एफईव्ही1 फक्त 80 मिलिलिटर वाढला. म्हणजे अडथळा आहे आणि पंपाने तो फारसा सुटत नाही. डॉक्टरांनी वाळूची माहिती विचारून लिहून घेतली. एचआरसीटी गुरुवारी आहे, आणि आता वडील स्वतःच म्हणाले की तीही करून टाकू.