जुना डेस्कटॉप काढतोय: श्रीलिपीतल्या फाइली आणि पॉप३ मेल कशी हलवू?

मंडळी, मदत हवी आहे.

घरातला जुना डेस्कटॉप विंडोज १० वर चालतो. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ चढत नाही. नवा लॅपटॉप घेतलाय. जुन्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि मोठी फाइल कॉपी करताना ती हल्ली मध्येच टकटक वाजते.

फोटो-गाणी एक्स्टर्नल डिस्कवर टाकता येतील, तो प्रश्न नाही. अडलंय ते वडिलांच्या लेखांपाशी. वर्डच्या शेकडो फाइली आहेत, बहुतेक श्रीलिपीत, काही कृतिदेवमध्ये (दोन्ही देवनागरीचे जुने फॉन्ट). त्यातली एक नव्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल बिघडली की काय?

दुसरं, मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये पॉप३ पद्धतीने येते आणि उतरवली की सर्व्हरवरून पुसली जाते. म्हणजे जुनी मेल याच डिस्कवर आहे, पण डॉक्युमेंट्समध्ये काही सापडत नाही. शिवाय ६ जीबीचा एक व्हिडिओ ३२ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर जात नाही, हे काय गौडबंगाल? एकाने अख्ख्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) काढून लॅपटॉपवर टाकायला सांगितलंय. करावं का?

प्रतिसाद १

आधी ती टकटक. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम टाकून डिस्कची तब्येत बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर (म्हणजे डिस्कवरच्या वाचताना अडणाऱ्या जागा) 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याहून जास्त आकडा दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून लेख आणि मेल आधी बाहेर काढा, गाणी नंतर. कॉपीला रोबोकॉपी ही विंडोजमधली कमांड वापरणार असाल तर रिट्रायचा (पुन्हा प्रयत्नांचा) आकडा १ वर आणा. मुळात तो दहा लाख असतो, वाचता न येणाऱ्या एका फाइलपाशी रात्रभर अडून बसेल. आणि मिररचा पर्याय नको, तो पोचायच्या जागेवरच्या जास्तीच्या फाइली उडवतो.

क्लोन लॅपटॉपवर चढवू नका. जुने ड्रायव्हर, जुना कचरा आणि वर तेच विंडोज १०, कशाला? पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्यावर काही असेल तर आधी उतरवून घ्या.

प्रतिसाद २

फाइली शाबूत आहेत. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून ते फॉन्ट उचलून नव्यावर इन्स्टॉल करा, मजकूर पुन्हा दिसेल.

पण माझं ऐकाल तर एवढ्यावर थांबू नका. जुना डेस्कटॉप हे सगळं बिनचूक दाखवतोय तोवर त्याच्यावरच प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेवा. विंडोज १० मध्ये प्रिंटरच्या यादीत तशी सोय आहे. कंटाळवाणं काम आहे खरं, पण पुढे युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत) रूपांतर केलंत की पडताळायला मूळ पान हाताशी राहतं. कन्व्हर्टर फॉन्टप्रमाणे वेगळे लागतात. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर भलतंच काही बाहेर पडेल. मजकुरात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील तर त्यांचीही वाट लागते, ते हाताने नीट करावे लागतात. मूळ वर्ड फाइली फेकू नका.

मेल ॲपडेटा या फोल्डरमधल्या रोमिंगमध्ये थंडरबर्डच्या फोल्डरात आहे. ॲपडेटा लपवलेलं असतं म्हणून दिसत नाही. थंडरबर्डच्या मदत मेनूत ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन उघडा, तिथून प्रोफाइल फोल्डर गाठता येतं. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर कॉपी करा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर आहेत, म्हणून लेख आणि मेल लगेच हलवली. नव्या थंडरबर्डला कॉपी केलेलं प्रोफाइल दाखवलं, जुनी मेल दिसली. पीडीएफ करायला बसलोय. काही लेखांत जोडाक्षरं जुन्या मशीनवरही तुटलेली दिसतात, फॉन्टचं नाव तर श्रीलिपीचंच आहे. असं का होत असेल?

प्रतिसाद २

श्रीलिपीत एकसारख्या नावाचे, वेगवेगळ्या क्रमांकांचे फॉन्ट असतात. वर्डमध्ये तो मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत पूर्ण नाव क्रमांकासकट वाचा. तोच क्रमांक फॉन्ट्स फोल्डरमध्ये आहे का बघा. नसेल तर वर्ड दुसराच फॉन्ट वापरून दाखवतोय. क्रमांक इथे टाका, कुणाकडे असेल तर कळेल.