फायनल फँटसी टेन : शेवटच्या लढाईत हरता येत नाही, हा दोष की कथेचाच भाग?

निळावंती

पुढे गेमचा शेवट उघड केला आहे. ज्यांनी तो अजून पूर्ण केलेला नाही, त्यांनी कृपया इथेच थांबावे.

२००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेला 'फायनल फँटसी टेन' हा व्हिडिओ गेम मी नुकताच दुसऱ्यांदा संपवला. पहिल्या वेळी कथेच्या ओघात शेवट कसा आला आणि कसा सरला हे कळलेही नव्हते. या वेळी मी लढायांकडे जास्त लक्ष देऊन खेळले आणि एक प्रश्न मनात घर करून राहिला.

स्पिरा या जगाला छळणाऱ्या सिन या राक्षसाच्या पोटात कथानायक टीडस आपल्या वडिलांसमोर, म्हणजे एऑन (बोलावल्यावर लढायला येणारा अद्भुत जीव) होऊन बसलेल्या जेक्टसमोर, उभा राहतो. ती लढाई खरीखुरी आहे. तिचे दोन टप्पे आहेत, दुसऱ्या टप्प्यात जेक्टचे १,२०,००० हिट पॉइंट, म्हणजे जीवशक्तीचे गुण, असतात आणि आपण जरा गाफील राहिलो की सगळा संघ आडवा होतो. त्यातच टीडसला फक्त त्या लढाईपुरता बोलण्याचा एक वेगळा पर्याय मिळतो. तो निवडला की जेक्टची भरत आलेली ओव्हरड्राइव्हची, म्हणजे सर्वांत जबर हल्ल्याची, पट्टी एकदम रिकामी होते; मात्र हा उपाय दोनदाच चालतो. ज्या बापलेकांना आयुष्यभर एकमेकांशी धड दोन वाक्ये बोलता आली नाहीत, त्यांच्या लढाईत बोलणे हेच दोनदा वापरता येणारे शस्त्र असावे, हे मला फार भिडले.

यानंतर मात्र सगळेच बदलते. टीडसच्या सोबतची समनर, म्हणजे एऑन बोलावणारी, युना आपल्या एऑनना एकेक करून बोलावते, सिनच्या मुळाशी असलेला यु येव्हॉन त्यांच्या अंगात शिरतो आणि आपण त्यांना मारतो. सर्वांत शेवटी उरतो स्वतः यु येव्हॉन. या सगळ्या काळात संघाला कायमचे ऑटो-लाइफ लागू असते, म्हणजे पडलेले पात्र आपोआप उठून उभे राहते. हरणे जवळजवळ अशक्यच. इतक्या मोठ्या प्रवासाचा शेवट अशा बिनधोक्याच्या लढाईने करणे ही रचनेतली चूक आहे, की त्यामागे काही हेतू दिसतो? आपल्याला काय वाटते?

काजवा

माझ्या मते ती चूकच आहे. लढाईला वजन येते ते हरण्याच्या शक्यतेमुळे, आणि ही गोष्ट या गेमइतकी नेमकी फार थोड्या गेमना कळली आहे, म्हणून तर शेवट अधिक खटकतो.

मालिकेच्या चौथ्या भागापासून, म्हणजे १९९१ पासून, नवव्या भागापर्यंत प्रत्येक पात्राची वेळेची पट्टी भरत जायची आणि आपण विचार करत बसलो तरी शत्रू थांबत नसे. दहाव्या भागात लढाईची रचना तोशिरो त्सुचिदा यांनी पाहिली आणि ती पट्टी काढूनच टाकली. त्याऐवजी पडद्याच्या उजव्या बाजूला पुढच्या पाळ्यांची यादी आली. जड हल्ला निवडला की आपले नाव त्या यादीत खाली घसरते, शत्रूवर 'स्लो' टाकले की त्याचे नाव खाली जाते, आणि हे सारे चाल पक्की करण्याआधीच दिसते. शिवाय तिघे लढत असताना राहिलेल्यांपैकी कुणालाही पाळी न गमावता आत घेता येते. त्यामुळे इथे हरलो तर घाईला दोष देता येत नाही. विचार चुकला, एवढेच म्हणावे लागते.

आता गागाझेट पर्वतावर लढायला येणारा सेमूर हा शत्रू आठवा. तो भाला मारून आपल्या एका पात्राला झॉम्बी करतो आणि लगेच त्याचा साथीदार मॉर्टिऑर्किस त्याच पात्रावर 'फुल-लाइफ' टाकतो. झॉम्बीला जीवनदान म्हणजे मरण, त्यामुळे ते पात्र जागीच कोसळते. दोन-तीनदा असे मेलो की धडा अंगवळणी पडतो : कुणी झॉम्बी झाले रे झाले, की बाकी सगळे सोडून आधी तो शाप उतरवणारे होली वॉटर वापरायचे. तोच धडा गाठीशी बांधून आपण झानार्कंड या उद्ध्वस्त शहरात पोहोचतो आणि समनरना अंतिम एऑन देणाऱ्या युनालेस्कासमोर उभे राहतो. तिच्या दुसऱ्या रूपातला 'हेलबायटर' सगळ्या संघाला झॉम्बी करतो. आपण शहाण्यासारखे सगळ्यांना स्वच्छ बरे करतो आणि तिसरे रूप घेताच ती 'मेगा डेथ' टाकते, जे झॉम्बीला मारू शकत नाही. माझे तिघेही त्या एका चालीत गेले होते. त्यातून मूळ आवृत्तीत लढाईआधीचे लांबलचक दृश्य वगळताही येत नव्हते, त्यामुळे ते पुन्हा पूर्ण पाहावे लागले; पण त्या दुसऱ्या पाहण्यातच मला ते कळले. युनालेस्का सांगत असते की लोकांना खोटी का होईना आशा हवी, आणि स्पिराचा सगळा धर्म सांगत असतो की पाप धुऊन निघाले की सिन जाईल. ज्या ठिकाणी ही शिकवण मोडून पडते, त्याच ठिकाणी 'सगळे धुऊन काढा' हा आपला लढाईतला नियमही मोडून पडतो आणि शापाच्याच आडोशाने जगावे लागते.

हे ज्यांना जमले, त्यांनी शेवटी आपोआप उठणारी पात्रे द्यावीत, याचे समर्थन मला करता येत नाही.

अक्षरवेल

काजवा यांचे युनालेस्काविषयीचे निरीक्षण मनापासून पटले, पण त्याच दिशेने आणखी थोडे पुढे गेले तर शेवटाचे उत्तरही सापडते, असे मला वाटते.

आपण एऑन कसे वापरतो, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे आठवून पाहावे. एऑन आला की तिन्ही पात्रे मागे सरतात आणि मैदानात तो एकटाच उरतो. सुरुवातीला आपण त्याला त्याच्या ताकदीसाठी बोलावतो. पण गेम पुढे सरकतो तशी एक वेगळीच सवय लागते : शत्रूचा सर्वांत मोठा हल्ला पुढच्या पाळीला येणार आहे असे दिसले की आपण घाईने एखाद्या एऑनला बोलावतो, कारण तो घाव त्याने झेलला की आपली माणसे सुरक्षित राहतात. गागाझेटवर सेमूरच्या 'टोटल ॲनायहिलेशन'समोर मी हेच केले होते. इफ्रिट आला, त्याने घाव घेतला, नाहीसा झाला, आणि मी निवांतपणे पुढची चाल ठरवू लागले. त्याचे मला काहीही वाटले नाही.

आता स्पिरामध्ये काय चालते ते पाहा. सिन येतो, समनर पुढे होते, अंतिम एऑन बोलावते, स्वतः मरते आणि लोकांना काही वर्षांची शांतता मिळते. तिचा एखादा गार्डियन, म्हणजे सोबतचा रक्षक, तो एऑन होण्यासाठी आधीच संपलेला असतो आणि पुढचा सिन त्यातूनच घडतो. कुणीतरी पुढे होऊन घाव झेलावा आणि बाकीच्यांनी निवांत व्हावे, या व्यवस्थेविरुद्ध युना आणि तिचे सोबती बंड करतात. आणि नेमकी तीच व्यवस्था आपण तीस-चाळीस तास लढाईच्या पडद्यावर चालवत आलेलो असतो. एऑनच्या मागे फेथ असतात, म्हणजे स्वप्नरूपाने टिकण्यासाठी आपला जीव दिलेली माणसेच, हेही आपल्याला तोवर माहीत झालेले असते.

म्हणून शेवटच्या त्या लढायांमध्ये प्रश्न 'जिंकाल का?' असा उरतच नाही. तो निकाल जेक्टसमोर लागलेला आहे. आता फक्त एवढेच करायचे असते, की ज्यांना आपण ढाल म्हणून वापरले, त्यांच्यावर स्वतःच्या हाताने शेवटचा वार करायचा, आणि या वेळी मध्ये घालायला दुसरे कुणी नाही. इथे हरण्याची भीती घातली असती, तर आपण पुन्हा डावपेचांत गुंतलो असतो, औषधे मोजत बसलो असतो. भीती काढून घेतल्यामुळे समोर कोण आहे याकडे पाहणे भाग पडते. मला इफ्रिटवर हल्ला निवडताना खरोखर हात आखडता घ्यावासा वाटला होता.

चकवा

एक मुद्दा राहून जातो आहे. शेवटी केवळ कथेत मिळणारे पाच एऑन मारावे लागत नाहीत. आपण आडवाटेने शोधून आणलेलेही मारावे लागतात. मी ॲनिमा मिळवला होता. त्यासाठी साऱ्या मंदिरांतले लपवलेले खजिने शोधून मग बाजच्या बुडालेल्या मंदिरात जावे लागते, आणि तिथे कळते की ॲनिमाची फेथ म्हणजे सेमूरची आई. मॅगस बहिणी आणि योजिंबोही माझ्याकडे होते. ज्याने कमी कष्ट घेतले त्याची लढाई लवकर आटोपते, आणि ज्याने सगळे कोपरे धुंडाळले त्याला जास्त जणांचा निरोप घ्यावा लागतो. एरवी गेम कष्टाळू खेळाडूला बक्षीस देतात. इथे मिळालेले प्रत्येक बक्षीस परत करावे लागते, आणि तेही स्वतः मारून. एऑन मिळाला की त्याला आपल्या पसंतीचे नाव देता येते, हेही लक्षात घ्या. मी एकूण एक नावे विचार करून ठेवली होती.

काजवा यांच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन, की स्फिअर ग्रिड, म्हणजे पात्रांची ताकद वाढवण्याचा तक्ता, पुरेसा भरलेला असेल तर जेक्टसुद्धा चार-सहा पाळ्यांत पडतो. धोका हाच निकष लावला, तर कष्टाने खेळणाऱ्याच्या वाट्याला या गेमच्या शेवटी काहीच उरत नाही.

निळावंती

सर्वांचे मनापासून आभार. अक्षरवेल, ढालीचा मुद्दा वाचल्यावर मला आधीची एक गोष्ट नव्याने दिसली. गेम सुरू होतो तो झानार्कंडच्या अवशेषांजवळच्या शेकोटीपाशी, जिथे टीडस आपली गोष्ट सांगायला लागतो. म्हणजे बराच काळ आपण जे खेळतो, ती आधीच घडून गेलेली हकिकत असते. वाटेत तो युनाला सिन गेल्यानंतरचे बेत सांगत राहतो, आणि अल भेद या जमातीच्या गावात त्याला कळते की अंतिम एऑन बोलावणारी समनर जगत नाही. इतका वेळ हे बाकी सर्वांना ठाऊक होते. तो ज्या प्रकारे स्वतःवर चिडतो, त्याच प्रकारे मला आता माझ्या इफ्रिटबद्दल वाटते आहे. ती शेकोटी पुन्हा येते आणि ओलांडली जाते, तेव्हा हकिकत संपते आणि पुढचे सगळे आपल्यासमोर घडू लागते. शेवटच्या लढाईआधी टीडस सोबत्यांना सांगतो की हे संपले की मी नाहीसा होणार. सगळे ठाऊक असताना पुढे जायचे, ही आतापर्यंत युनाची असलेली जागा तिथे त्याची होते, आणि ऑटो-लाइफमुळे आपलीही. निकाल ठाऊक आहे, तरी वार करायचाच आहे.

काजवा

युनाच्या एऑनपुरते मी माझे म्हणणे मागे घेतो. चकवा यांनी ॲनिमाची आठवण करून दिली, ती मला सुचायला हवी होती. माझ्याकडे पाचच एऑन होते आणि म्हणून तो भाग मला घाईने उरकल्यासारखा वाटला असणार.

यु येव्हॉनबद्दलचे मत मात्र तेच आहे. एऑनना मारताना समोर ओळखीचे कुणीतरी असते, त्यामुळे धोका नसला तरी ओझे असते. यु येव्हॉन मात्र आपल्याला कधी भेटलेला नाही, त्याच्याशी आपले एकही संभाषण झालेले नाही, आणि तो दिसायलाही एखाद्या मोठ्या किड्यासारखा आहे. हजार वर्षे झानार्कंडचे स्वप्न टिकवून धरणाऱ्याचे मन आता उरलेलेच नाही, असे दाखवायचे होते हे समजते. तरीही ज्याच्यामुळे हे सगळे घडले, त्याच्याविरुद्ध आपण फक्त हल्ले मोजत बसतो. धोका नको असेल तर नको, पण जेक्टशी बोलायला टीडसला दोन संधी दिल्या, तशी यु येव्हॉनसमोर युनाला एक तरी द्यायला हवी होती.

अक्षरवेल

हे मान्य आहे, आणि युनाचाच विषय निघाला म्हणून सांगते. निळावंती, आपल्याकडे शेवटच्या लढाईआधीचे सेव्ह असेल तर तिथून मागे फिरा आणि कुठल्याही साध्या लढाईत एकदा वॅलेफॉरला बोलावून पाहा. बेसेडच्या मंदिरात मिळालेला तो पहिला एऑन. तो आकाशातून खाली उतरला की युना त्याला गोंजारते. कितीही वेळा बोलावले तरी ती हे करते, आणि आपले मात्र तिकडे लक्षच नसते.